घोट गिळायचा नाही

आगाशेंच्या घरी सकाळी दूध यायचं आणि कुसुमच्या हाती लागायच्या आत मुकुंद आगाशे ते तापवून, निववून, विरजण लावून मोकळे व्हायचे. सगळ्याच्या सगळ्याला. बोट बुडवायलासुद्धा थेंब ठेवायचे नाहीत. हेतू एकच, बायकोने चहात दूध घालू नये. त्यामुळे घरात दह्याचे डोंगर उभे राहिले होते. रोज कढी, रोज ताक, रोज कोशिंबीर. कुसुमचं नाक गळायला लागलं, गुडघे धरले, पण चहात घालायला चमचाभर दूध म्हणून मिळेना.

हे खूळ आसामातून आलं. आगाशेंनी उभी हयात विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर करायचं काय? फेटाळायला कुणी उरलं नाही. मग सहलीला गेले. तिथल्या चहाच्या कारखान्यात एक जण टेबलावर ओळीने मांडलेले वाडगे चाखत होता. आगाशेंनी पुढे होऊन त्यातला एक चाखला आणि काहीतरी बरळले. तो बिचारा सौजन्याने म्हणाला, "आपकी जबान अच्छी है।" आगाशेंच्या जिभेला चांगलं म्हणणारा हा पृथ्वीवरचा पहिला माणूस. त्यानंतर आगाशे जमिनीवर उतरलेच नाहीत.

परत आले ते पोतंभर चहा घेऊन. पांढरे चिनी मातीचे वाडगे आले, झाकणाच्या बुटक्या किटल्या आल्या आणि जुन्या बाजारातून एक पितळेची पिकदाणी आली. कोऱ्या चहाचा घोट म्हणे ओठ आवळून असा ओढायचा, की हवेबरोबर त्याचा जिभेवर फवारा उडाला पाहिजे. सुर्रर्र! नळाला पाणी यायच्या आधी जो आवाज होतो, तो. मग तो घोट तोंडात इकडून तिकडे फिरवायचा, डोळे मिटायचे आणि पिकदाणीत पिचकारी टाकायची. गिळायचा नाही. गिळला की जीभ बिघडते आणि माणूस चाखणारा न राहता पिणारा होतो. पिणारे म्हणजे तुम्ही-आम्ही. हलकी जात.

याच माणसाने पोटच्या मुलाला बशीतून भुरका मारला म्हणून जेवणावरून उठवलं होतं.

आणि याच माणसाने, मधुमालती सोसायटीचा सचिव म्हणून, जिन्यात थुंकीविरोधी मोहीम काढली होती. कर्वेनगरातल्या त्या बिनालिफ्टच्या तीन मजली इमारतीत प्रत्येक वळणावर आगाशेंच्या हस्ताक्षरातली पाटी होती. 'ही भिंत आपल्या तीर्थरूपांची नाही. थुंकू नये.' दुसऱ्या मजल्यावर, 'थुंकायचे असल्यास स्वतःच्या हॉलमध्ये थुंकावे.' जो सापडेल त्याने डाग स्वतःच्या हाताने पुसायचा आणि त्याचं नाव महिनाभर खालच्या फळ्यावर. वॉचमन बजरंगला सक्त ताकीद होती, माणूस बघायचा नाही, डाग बघायचा.

कुसुम सहन करत होती ती समोरच्या नजमाच्या जिवावर. नजमा तांबोळी बँकेत कामाला होती. तिच्या घरी सकाळचा आल्याचा चहा भांडंभर व्हायचा. 'कोथिंबीर आहे का गं,' म्हणत कुसुम तिच्या दारात जायची आणि ओट्याशी उभ्याने कप रिकामा करायची.

"काकू, रोज कोथिंबीर नेता असं सांगता घरी. काकांना कधी जेवणात दिसत नाही का ती?" नजमा विचारायची.

"त्यांची जीभ चहासाठी राखून ठेवलीय बाई. जेवणात मी गवत घातलं तरी कळायचं नाही."

पण स्वतःच्या घरात स्वतःच्या चहासाठी कोथिंबिरीचं सोंग घ्यायचं, ही गोष्ट कुसुमला दिवसेंदिवस झोंबत होती. चाळीस वर्षं तिने त्या ओट्यापाशी काढली. सासूचं ऐकलं, नवऱ्याचं ऐकलं, मुलाचं ऐकलं. स्वतःच्या मनासारखं दिवसात काय व्हायचं, तर तो एक सकाळचा कप. त्यावरच या मनुष्याने टाच आणली होती.

एका सकाळी तिने पातेल्यातलं कोमट दूध विरजण पडायच्या आत धरलं.

"हात काढा," ती म्हणाली.

"तू पितेस तो चहा नाही, कुसुम. तो उकाळा आहे. दुधाची खीर आणि त्यात पाचोळा."

"पाचोळा तर पाचोळा. माझा आहे."

"हे बघ, मी चार मिश्रणं तयार केलीत. आसामचा कडकपणा, दार्जिलिंगचा वास, निलगिरीचा रंग, भाग मोजून. नावंही ठरलीत. सह्याद्री-प्रभात, पेशवाई, तिसरा प्रहर आणि मुठाकाठ."

"मुठेच्या काठाने लोक नाकाला रुमाल लावून जातात. त्या नावाचा चहा कोण पिणार?"

आगाशेंना विनोद कळत नसे. विम्याच्या धंद्यात त्याची गरज पडली नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले. "लोकांचाच कौल घेऊ. येत्या रविवारी सोसायटीतल्या मंडळींना चाखायला बोलावतो. लोकांनी माझा चहा नाकारला, तर दूध मी स्वतः आणून देईन. पसंत केला, तर या घरात दुधाचा चहा पुन्हा व्हायचा नाही. आणि समोर कोथिंबीर आणायला जायचंही बंद."

म्हणजे माहीत होतं तर. कुसुमने पातेलं सोडलं. "चालेल," ती म्हणाली. पुण्यातली माणसं दुसऱ्याच्या घरी जाऊन दुसऱ्याच्या चहाला चांगलं म्हणतील, ही भीती तिला स्वप्नातसुद्धा वाटली नाही. इथे तिची चूक झाली.

रविवारी दुपारी दहा-बारा जण जमले. आगाशेंनी आधीच फर्मान काढलं होतं. सकाळपासून काही खायचं नाही, कांदा-लसूण वर्ज्य, पावडर-अत्तर वर्ज्य. फुकटचं काही मिळणार असेल तर माणूस कसलाही नियम पाळतो, त्यामुळे सगळे उपाशीपोटी हजर. तळमजल्याच्या श्यामलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या पण शाळा न सोडलेल्या. नजमा, कुसुमच्या बाजूने मत द्यायला सुट्टीची झोप मोडून आलेली. आणि तिसऱ्या मजल्यावरचे आप्पासाहेब. सोसायटी उभी राहिली ती जमीन एकेकाळी त्यांची. आता वरचे दोन फ्लॅट त्यांचे होते, खाली पांढरी गाडी होती आणि बोलणं मात्र अजून वावरातलं होतं.

"आगाशे सायेब, शेव-बिव हाय का नाय? का नुसतंच पानी?"

"आप्पासाहेब, हे पाणी नव्हे. याला चव नाही, व्यक्तिमत्त्व असतं."

"असू द्या, असू द्या. व्यक्तिमत्त्वासंगं शेव चालती."

आगाशेंनी किटल्यांवर उकळतं पाणी ओतलं, घड्याळ लावलं, झाकणावर ओली पत्ती काढून प्रत्येकाला नाक खुपसायला लावलं. मग वाडगे फिरले. काळाकुट्ट, गवताळ वासाचा, दाताला करकरून चिकटणारा चहा. आगाशेंनी प्रात्यक्षिक दाखवलं. सुर्रर्र, खळखळ, आणि हातभर अंतरावरून पिकदाणीत पिचकारी. नेम अचूक होता. एवढं मात्र मान्य करायला हवं.

"वा," श्यामलाबाई म्हणाल्या. "पाटीप्रमाणे स्वतःच्याच हॉलमध्ये थुंकताय. नियमाला धरून आहे."

"आता तुम्ही."

आणि इथे पेच आला. पिकदाणी मधोमध, भोवती दहा-बारा सभ्य माणसं, तोंडात कडू घोट. पण दुसऱ्याच्या हॉलमध्ये, घरच्या बाईच्या देखत, चारचौघांत थुंकायचं? तेही थुंकीविरोधी मोहिमेच्या सचिवासमोर? श्यामलाबाईंनी नजमाकडे पाहिलं, नजमाने आप्पासाहेबांकडे. आप्पासाहेबांनी डोळे मिटले आणि एरंडेल घ्यावं तसा घोट गिळला. मग सगळ्यांनी गिळला. गट्, गट्, गट्.

"गिळायचं नाही!" आगाशे ओरडले. "थुंका! लाजू नका!"

"लाजत न्हाय ओ," आप्पासाहेब म्हणाले. "पर आमच्या आज्याची पिकदानी अशीच व्हती. तिच्यात आज्याशिवाय कुनी थुकलं तर टाळक्यात बसायची."

मग आगाशेंनी पुन्हा करून दाखवलं. पुन्हा. दर वाडग्याला स्वतः दोनदा-तीनदा थुंकून दाखवायचे आणि मंडळी त्यांच्याकडे आदराने बघत आपला घोट पोटात ढकलायची. मिश्रणं चार, पण प्रत्येक हलकं, मध्यम आणि कडक. पिकदाणी एकट्या आगाशेंच्या कर्तबगारीवर भरत चालली. पाहुण्यांची पोटं पाहुण्यांच्या कर्तबगारीवर.

रिकाम्या पोटी कडक कोरा चहा काय करतो, हे कुसुम दारात उभी राहून पाहत होती. आधी डोळे चमकायला लागले. मग सगळे एकदम बोलायला लागले. दळवींच्या सूनबाई, ज्या लग्न होऊन आल्यापासून सोसायटीत 'हो' आणि 'नाही'पलीकडे बोलल्या नव्हत्या, त्यांनी पार्किंगमध्ये कोण कुणाच्या जागेत गाडी लावतं ते धडाधड सांगून टाकलं. आप्पासाहेबांचा उजवा पाय मशीन चालवल्यासारखा हलत होता. श्यामलाबाई छातीवर हात ठेवून स्वतःचे ठोके ऐकत होत्या. कुसुमला वाटलं, जिंकले. आता हे लोक या माणसाला सोलतील.

"मग?" आगाशेंनी विचारलं. "पेशवाई कशी वाटली? आप्पासाहेब?"

"न्हाय जमली," आप्पासाहेब म्हणाले.

कुसुमने पदर खोचला.

"नाही ना?" आगाशेंचा चेहरा उजळला. "मलाही तेच वाटतं. आसाम जास्त झालाय. थांबा, आत्ता दुसरी करतो. दार्जिलिंग वाढवून बघू. पाणी ठेवतोच."

नाही म्हटलं की आणखी एक वाडगा, हे गणित उपाशी डोक्यांत फार झटकन शिरलं.

"तसं न्हाय सायेब," आप्पासाहेब घाईने म्हणाले. "मागनं चव येती. लई भारी येती."

"उत्तम आहे!" श्यामलाबाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी हा शब्द कुणाच्या उत्तरपत्रिकेवर लिहिला नव्हता.

"मुठाकाठ तर काय विचारूच नका," कुणीतरी म्हणालं. "तोच पसंत. सगळ्यांना पसंत. आता आवरतं घेऊ या."

कुसुमने नजमाकडे पाहिलं. नजमाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काकू, माफ करा," ती पुटपुटली, "अजून एक वाडगा प्यायले तर मी इथेच आडवी होईन," आणि तिनेही हात वर केला. सगळे हात वर. सोसायटीच्या इतिहासात कधी कुठला ठराव एकमताने मंजूर झाला नव्हता. हा झाला.

माणसांच्या भ्याडपणाला सीमा नसते. वीस मिनिटांचं संकट टळावं म्हणून त्यांनी शेजारणीचा जन्माचा चहा विकला. आणि पुन्हा तिच्याकडे बघून हसले.

आगाशे फुलून आले. विजयी मिश्रणाचा शेवटचा घोट समारंभाने घ्यायचा म्हणून त्यांनी मुठाकाठचा वाडगा उचलला आणि आजवरचा सर्वांत मोठा भुरका मारला. दोन्ही गाल फुगले. घोट इकडून तिकडे फिरला. डोळे मिटले, उघडले, आणि आगाशे पिकदाणीकडे वळले.

पिकदाणी काठोकाठ भरली होती. आणखी एक थेंब पडला असता तर गालिचा गेला असता, आणि वाडग्यात थुंकणं शास्त्रात बसत नव्हतं.

आगाशे संडासाकडे गेले. आतून कडी. श्यामलाबाई आत होत्या आणि बाहेर चौघांची रांग. न्हाणीघरात कुणीतरी नळ सोडून बसलं होतं. बेसिनवर दळवींच्या सूनबाई ओणव्या होत्या, त्यांना मळमळत होतं. गॅलरीतून वाकून पाहिलं तर खाली आप्पासाहेबांची पांढरी गाडी. आप्पासाहेब स्वतः केव्हाच धूम ठोकून वर आपल्या घरी गेले होते. फुगल्या गालांनी आगाशे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. दारात कुसुम होती. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून.

"म्म्," आगाशे म्हणाले.

"माझ्या मोरीत थुंकलेलं उष्टं ओतायचं नाही," कुसुम म्हणाली. "देवाची भांडी घासते मी तिथे."

"म्म्म्!"

"गिळा की मग. एवढ्या लोकांनी दुपारभर गिळलं, कुणी मेलं नाही."

आगाशेंनी मान हलवली. नाही. जीव गेला तरी गिळणार नाही. गिळतात ते पिणारे. त्यांनी भरलेली पिकदाणी दोन्ही हातांनी उचलली आणि आवारातल्या गटाराकडे न्यायला जिन्याची वाट धरली. मागोमाग कुसुम निघाली, हातात फडकं घेऊन. नवऱ्याची काळजी म्हणून नव्हे. जिन्यात सांडलं असतं तर पुसायला तिलाच बोलावलं असतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून धाडधाड पाय वाजले. मोकळे होऊन आलेले आप्पासाहेब उतरत होते. सगळा चहा डोक्यात चढलेला, अंगात दहा बैलांचं बळ.

"ओ आगाशे सायेब! जिकलात की!" त्यांनी आरोळी ठोकली. "समद्यांचे हात वर! अभिनंदन!" आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी एक मनापासूनची थाप आगाशेंच्या पाठीत हाणली.

जे व्हायचं ते झालं. हातभर अंतराचा सराव होता, पण ही पिचकारी पार समोरच्या भिंतीपर्यंत गेली. नव्या रंगवलेल्या भिंतीवर तपकिरी पंखा उमटला आणि त्याचे ओघळ खाली येऊ लागले. पाठोपाठ पिकदाणी हातातून सुटली आणि ठणाण ठणाण करत, प्रत्येक पायरीला प्रसाद वाटत, थेट खाली बजरंगच्या खुर्चीशी जाऊन थांबली.

आवाज ऐकून सगळी पंगत जिन्यात आली. बजरंग खालून वर आला. त्याने डाग पाहिला. मग पाटी वाचली. मग आगाशेंकडे पाहिलं, ज्यांच्या हनुवटीवरून मुठाकाठ ठिबकत होता.

"साहेब," तो अवघडून म्हणाला, "तुम्हीच सांगितलंय. माणूस बघायचा नाही."

"अरे, हा चहा आहे! हे थुंकणं नव्हे, ही चाखण्याची पद्धत आहे!"

"गायछाप खाणारेपण पद्धतशीरच थुकत्यात, साहेब."

"आगाशे," श्यामलाबाई पदराने हात पुसत बाहेर आल्या, "चहा असेल तर लोकांनी प्यायला हवा. तुम्ही स्वतः तो दुपारभर एक घोट गिळला नाहीत. जो पदार्थ करणाऱ्यालाच घशाखाली जात नाही, तो आम्ही पसंत केला. आमच्यासारखे मूर्ख आम्हीच. मी माझं मत मागे घेते."

"मी पण," नजमा एवढ्या जोरात म्हणाली, की स्वतःच दचकली.

"बास ओ, समद्यांचंच मागं," आप्पासाहेब म्हणाले. "वैनी, पोटात आग पडलीय. गार दूध हाय का घोटभर?"

"दूध नाही," कुसुम म्हणाली. "आमच्याकडे सगळं दही आहे." आणि तिने हातातलं फडकं नवऱ्यापुढे धरलं.

आगाशेंनी भिंत पुसली. मग वरपासून खालपर्यंत पायऱ्या पुसल्या. फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं गेलं, तेही श्यामलाबाईंच्या वळणदार अक्षरात, शुद्धलेखनाची एकही चूक न करता. पाहुणे दह्याच्या वाट्या घेऊन आपापल्या घरी गेले. घरातलं सगळं दही त्या संध्याकाळी संपलं. कुसुमला त्या रात्री फार गाढ झोप लागली.

सकाळी उठली तर स्वयंपाकघरात दिवा. आगाशे शब्दाचे पक्के, दूध स्वतः आणलेलं होतं. पण पिशवीचं नव्हे. अंधारात स्कूटर काढून लोणी काळभोरच्या गोठ्यावर गेले होते आणि किटलीभर म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आले होते. ओट्यावर आल्याचे तीन तुकडे मांडलेले, एक ठेचलेला, एक किसलेला, एक सालासकट. शेजारी थर्मामीटर.

"ये," आगाशे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत ती आसामची चमक पुन्हा आली होती. "रात्रभर विचार करत होतो. दुधाचा चहा हे आपलं खरं शास्त्र आहे, कुसुम. आणि तू गेली चाळीस वर्षं तो चुकीचा करत आलीस. आलं थेट दुधात टाकायचं नसतं, दूध फाटतं आणि वास मरतो. तू ओट्याकडे येऊ नकोस आता. बस तिथे. मी देतो."

त्यांनी वेगळं तापवलेलं दूध बारीक धारेने सोडलं, झाकण ठेवलं, घड्याळ पाहिलं, गाळलं आणि कप तिच्या पुढ्यात ठेवला. मग समोर खुर्ची ओढून बसले. हनुवटीखाली हात, नजर तिच्या तोंडावर.

"बोल. काय जाणवतं?"

कुसुमने घोट घेतला.

चहा उत्तम झाला होता. वाईट झालं ते हेच. तिच्या आईच्या हातच्यापेक्षा चांगला, नजमाच्यापेक्षा चांगला, तिने स्वतः जन्मभर केला त्याहून चांगला. आलं बरोबर घशाशी येऊन थांबत होतं. दुधाची साय जिभेवर अशी पसरत होती, की डोळे आपोआप मिटायला लागले. तिने ते निकराने उघडे ठेवले. समोर आगाशे वाकून बसले होते. आता ती एक शब्द बोलली, की हा माणूस हा ओटा, हे आलं, हे दूध घेऊन बसणार आणि उरलेल्या आयुष्यात तिला गॅसपाशी उभं राहू देणार नाही. येत्या रविवारी पुन्हा मंडळींना बोलावणार. आणि या वेळी मंडळी खरंच चांगलं म्हणणार. त्यापेक्षा समोरची कोथिंबीर परवडली.

तिने तोंडातला घोट सावकाश गिळला. मग कप बशीसकट त्यांच्याकडे सरकवला.

"शी," ती म्हणाली. "उद्यापासून मला कोराच देत जा."